टॉर्च आत जाणार कुठून?

‘बाहा’ स्पर्धेत गाडीच्या आधी पाइपाचे दोन तुकडे बघितले जातात. चालकाभोवती पोलादी पिंजरा असतो, त्याच पाइपाचे आणि ज्याने तो पिंजरा जोडला त्याच वेल्डरच्या हातचे. एक तुकडा मुद्दाम तुटेपर्यंत ताणलेला असतो. तुटताना पाइप फाटला असेल तर ठीक. सांधा सुटला असेल तर गाडी कितीही देखणी असो, तिची तपासणी तिथेच अडते. दुसरा तुकडा सांध्यातून उभा कापलेला असतो. धातू आतपर्यंत मुरलाय की नुसता वरून लिंपलाय, हे त्यात उघड्या डोळ्यांना दिसतं.

पश्चिम रेल्वेच्या मार्गावरच्या एका अभियांत्रिकी कॉलेजच्या संघाने हे दोन तुकडे भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात केले. शेजारच्या गाळ्यात स्टीलच्या डब्यांना पॉलिश लागत होतं आणि त्याची काळी धूळ मुलांच्या लॅपटॉपवर बसत होती. कॉलेजचं, मुलांचं, गाळ्याच्या शेठचं नाव इथे मुद्दामच घेतलेलं नाही. मुंबईच्या आसपास असे संघ बरेच आहेत आणि थोड्याफार फरकाने ही हकिकत त्या सगळ्यांचीच आहे.

बाहाची सुरुवात अमेरिकेत १९७६ साली साउथ कॅरोलिना विद्यापीठात झाली. मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्निया या द्वीपकल्पावर वाळवंटातून गाड्या पळवण्याची एक जुनी शर्यत आहे, तिचं नाव या स्पर्धेला मिळालं. भारतात वाहन अभियंत्यांच्या ‘एसएई इंडिया’ या संस्थेने २००७ मध्ये इंदूरजवळच्या पिथमपूरला ती आणली. स्पर्धेची कल्पना अशी, की एका काल्पनिक कंपनीला चिखलातून, दगडधोंड्यांतून जाणारी एकट्याने चालवायची गाडी बाजारात आणायची आहे, वर्षाला चार हजार नग काढायचे आहेत, आणि तिचा नमुना पदवीच्या विद्यार्थ्यांनी करून दाखवायचा आहे. इंजिन सगळ्यांना एकच. कितीतरी वर्षं ते ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं ३०५ सीसीचं, दहा अश्वशक्तीचं होतं. एखाद्या जनरेटरला शोभावं असं. ते उघडायचं नाही, सुधारायचं नाही. मिनिटाला ३८०० फेऱ्यांच्या वर ते जाऊ नये म्हणून गव्हर्नर बसवलेला. म्हणजे ज्या गोष्टीने पोरांचं रक्त सळसळतं, ती ताकद स्पर्धेतून आधीच काढून टाकलेली. उरतं काय, तर वजन, चाकांची हालचाल, गिअरचं गुणोत्तर, ब्रेक आणि शेवटपर्यंत टिकण्याची क्षमता. मूळ अमेरिकी नियमावलीत एकूण हजार गुण असतात आणि त्यातले चारशे एकट्या चार तासांच्या सलग शर्यतीला.

मुंबईच्या कॉलेजांना हे वेड नवं नाही. सोमय्या कॉलेजच्या मुलांचा ‘ओरायन रेसिंग’ फॉर्म्युला गाड्या घेऊन परदेशी जाऊन आला, तिथलाच ‘रेडशिफ्ट रेसिंग’ बाहात उतरतो. गाड्या नकोत त्यांच्यासाठी रोबोकॉन आहे. आशिया-पॅसिफिक देशांच्या प्रसारण संघटनेची ही स्पर्धा २००८ मध्ये पुण्यात झाली तेव्हा यंत्रांना चक्क दहीहंडी खेळायला लावली होती. २०२२ मध्ये दिल्लीला विषय होता लगोरी. आपल्या गल्लीतला खेळ यंत्राला शिकवताना तो खेळ किती अवघड आहे हे कळतं, असं त्यात भाग घेतलेली मुलं सांगतात. ते खरंच असावं. लगोरी रचणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाच्या मनगटात काय काय गणित चालतं, ते लिहून काढायला बसलं की सत्र पुरत नाही.

आता भाईंदरच का? कॉलेज दुसरीकडे, स्पर्धा मध्य प्रदेशात. पण संघातली निम्म्याहून अधिक मुलं मीरा रोड आणि भाईंदरची. २०११ च्या जनगणनेत या शहराची वस्ती आठ लाखांच्या वर होती, आणि त्यातली किती माणसं सकाळच्या लोकलने दक्षिणेकडे जातात हे भाईंदर स्टेशनच्या पुलावर उभं राहिलं की कळतं. शहराची ओळख बाहेरच्यांना एवढीच: स्वस्त घरं, गर्दी, पुलाखालची खाडी, कडेची मिठागरं. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींतले गाळे मात्र फारसे कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाहीत. देशभरातल्या घरांत जाणारी स्टीलची भांडी इथे बनतात. पातळ पत्र्याचे गोल तुकडे प्रेसखाली जातात आणि पातेली होऊन निघतात. कुणी कडा मारतो, कुणी कान बसवतो, कुणी फक्त पॉलिश करतो. त्याच ओळीत लेथवाले आहेत, डायवाले आहेत, आणि हॉटेलच्या स्वयंपाकघराची टेबलं-सिंक वेल्ड करणारे आर्गनवाले आहेत. मुंबईतल्या बऱ्याच कॉलेजांच्या वर्कशॉपमध्ये संध्याकाळी साडेपाचला कुलूप लागतं. भाईंदरच्या गाळ्यात साडेपाचला चहा येतो आणि काम पुढे चालू राहतं.

संघाची प्रमुख एक मुलगी होती, तिसऱ्या वर्षाची, भाईंदर पश्चिमेची. हा गाळा तिनेच शोधला. तिच्या इमारतीत राहणारे एक गृहस्थ त्या शेठचे हिशेब लिहायचे, एवढा धागा तिला पुरला. शेठने आधी नाहीच म्हटलं. मग विचारलं, गाडी विकणार कुणाला? विकायची नाही हे ऐकल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही, आणि शेवटी म्हणाला, रविवारी आणि रात्री आठनंतर या, विजेचं मीटर बघून पैसे द्या. तो व्यवहार शेवटपर्यंत तसाच चालला. त्याने एक रुपयाही सोडला नाही आणि एक रुपयाही जास्त घेतला नाही.

पण गाळा ही नंतरची गोष्ट. आधी सगळा उन्हाळा संगणकावर गेला. नियमावली वाचणं हे पहिलं काम, आणि ते कुणालाच आवडत नाही. चालकाच्या हेल्मेटपासून पिंजऱ्याच्या नळ्यांपर्यंत सहा इंच मोकळी जागा हवी. खांदे, गुडघे, कोपर यांच्यापासून तीन इंच. पट्टा पाच ठिकाणी बांधलेला हवा आणि तरीही चालक पाच सेकंदांत बाहेर यायला हवा. इंजिन बंद करायची दोन बटणं, एक चालकाच्या हाताशी, एक बाहेरून कुणालाही दाबता येईल असं. पिंजऱ्याच्या मुख्य नळ्या पोलादी, कार्बन किमान ०.१८ टक्के, बाहेरचा व्यास २५.४ मिलिमीटर, जाडी ३ मिलिमीटर. नाहीतर दुसरी कोणतीही पोलादी नळी घ्या, पण तिचा वाकण्याला होणारा विरोध आणि तिची ताकद या नळीपेक्षा कमी नाही हे आकडेमोडीने सिद्ध करा.

या ‘नाहीतर’मध्येच खरी मेख आहे. ४१३० जातीच्या क्रोमोली पोलादाची २९.२ मिलिमीटर व्यासाची आणि १.६५ मिलिमीटर जाडीची नळी घेतली, तर वाकण्याचा विरोध नियमातल्या नळीइतकाच, किंबहुना केसभर जास्त भरतो. वजन मात्र मीटरला १.६६ किलोवरून १.१२ किलोवर येतं. धातू मध्यापासून जितका लांब, तितका तो वाकायला जास्त विरोध करतो. बारावीच्या पुढचं सगळं बलशास्त्र या एका वाक्याभोवती फिरतं. परीक्षेत ते सूत्र पाच गुणांना येतं आणि विसरलं जातं. इथे त्याच सूत्राने एकतृतीयांश वजन उतरलं, आणि दहा अश्वशक्तीच्या गाडीला तेवढं वजन म्हणजे चढ चढणं किंवा न चढणं. संघातल्या एका मुलाला बलशास्त्रात केटी लागलेली होती, म्हणजे तो विषय सुटायचा राहिला होता. ही आकडेमोड त्याने केली.

जुलैत प्राथमिक फेरी. तिथे गाडी नसते, फक्त रेखाटनं आणि सादरीकरण. मुलं पडद्यावर रंगीत चित्रं दाखवतात; कुठे ताण जास्त तिथे लाल, कुठे कमी तिथे निळा. ही चित्रं आता सगळ्यांनाच काढता येतात. सॉफ्टवेअरला चुकीचा भार दिला तरी ते सुंदरच रंग दाखवतं. परीक्षक वाहन उद्योगातली माणसं असतात, ती चित्राकडे बघत नाहीत. ती विचारतात, हा भार कुठून आणला? पुढच्या चाकाचा प्रवास एवढाच का? गेल्या वर्षीच्या गाडीत काय तुटलं होतं आणि त्यासाठी यंदा काय बदललं? ‘सिनियरच्या गाडीत असंच होतं’ हे उत्तर देशभरच्या संघांत इतकं प्रचलित आहे, की परीक्षकांना ते तोंडपाठ असावं.

या संघाला एक प्रश्न टोचला. पुढच्या चाकाच्या खालच्या भुजेच्या टोकाला त्यांनी आटे असलेला रॉड एंड लावला होता. एका परीक्षकाने पेन त्या जागेवर ठेवून विचारलं, धक्क्याचा सगळा भार या बोल्टला वाकवणार, हे तुम्हाला चालतं? संघाने आकडे दाखवले. परीक्षकाने मान हलवली, पटल्याची नव्हे. फेरी पार पडली, गुण बरे मिळाले, आणि तो प्रश्न वहीत राहिला. इतर संघांशी बोलताना कळलं की तसाच जोड आणखी कितीतरी गाड्यांत आहे. ते ऐकून सगळ्यांना हायसं वाटलं. वाटायला नको होतं.

पावसाळ्यात खरेदी. अभियांत्रिकी शिकवणाऱ्या कोणत्याही पुस्तकात मुंबईचा हा नकाशा नाही: बोल्ट, बेअरिंग, अवजारं नागदेवी स्ट्रीटला, वायर आणि बटणं लोहार चाळीत, सेन्सर लॅमिंग्टन रोडला, धातूची नळी-पट्टी गुलालवाडीत, जुन्या गाड्यांचे भाग कुर्ल्याला, आणि कुठेच काही मिळालं नाही तर रे रोडजवळचा दारूखाना. भारतातल्या बाहा गाड्यांची एक गंमत म्हणजे त्यांच्या पोटात आपली जुनी ओळखीची वाहनं असतात. मारुती ८०० चं स्टिअरिंग, तिचेच चाकांकडे जाणारे दांडे, मोटरसायकलच्या ब्रेकच्या तबकड्या. सुरुवातीच्या काळात तर कित्येक संघांनी महिंद्राच्या अल्फा तीनचाकीचा गिअरबॉक्स तसाच्या तसा उचलला होता. आता बहुतेक जण पट्ट्यावर चालणारं सीव्हीटी आणि स्वतः आखलेला गिअरबॉक्स वापरतात. यात हरवल्यासारखंही काही आहे. अल्फाच्या गिअरबॉक्सने एक धडा दिला होता: बाजारात जे आहे त्याच्याभोवती आखायचं. चार हजार गाड्या काढायच्या तर शेवटी तेच करावं लागतं.

खर्चाचा अहवाल हा स्पर्धेचा वेगळा भाग आहे आणि तो संघातल्या दोघांनी लिहिला, बाकीच्यांनी त्यांची टिंगल केली. गाडीतल्या प्रत्येक नटाची किंमत लिहायची, प्रत्येक सांध्याची लांबी मोजायची, प्रत्येक कामाला लागलेला वेळ धरायचा. कुर्ल्याचा दुकानदार पावती देत नाही. दिली तर चिठोऱ्यावर. सहाशेला घेतलेल्या जुन्या भागाची नवी किंमत शोधायची. हे करताना त्या दोघांच्या लक्षात आलं, की गाडीतली सगळ्यात महाग गोष्ट इंजिन नाही, गाडीभर पसरलेले छोटे छोटे खास बनवून घेतलेले तुकडे आहेत. एकेका लेथवाल्याकडे एकेक नग. अशा कितीतरी तुकड्यांऐवजी एकच माप चाललं असतं. पुढच्या वर्षीच्या गाडीसाठी सगळ्यात उपयोगाचा शोध या टिंगल झालेल्या दोघांनी लावला.

मग गाळा. वेल्डर उत्तर प्रदेशचा, पन्नाशीच्या आसपासचा. मुलं त्याला चाचा म्हणायची आणि तो मुलांना इंजिनियर साहेब म्हणायचा, त्यातला टोमणा कधी कमी होई, कधी जास्त. त्याचा हात स्टेनलेसच्या पातळ पत्र्यावर बसलेला. एक मिलिमीटरचा पत्रा न जाळता जोडणं हे त्याचं कसब. पहिल्याच रात्री त्याने सवयीने स्टेनलेसची ३०८ ची सळई उचलली. मुलांनी थांबवलं, क्रोमोलीला ईआर ७० एस-२ ही सळई हवी, असं ती वाचून आली होती. त्याने सळई हातात फिरवली, भंगारातल्या एका तुकड्यावर दोन टाके मारले, तोडून बघितलं आणि म्हणाला, ठीक आहे. पुस्तकाचं ऐकण्याआधी त्याने स्वतःची परीक्षा घेतली. नियमावली जे दोन तुकडे मागते, ते हा माणूस कुणी न सांगता रोज करत होता.

दुसऱ्या दिवशी पाळी उलटली. पिंजऱ्याच्या मागच्या बाजूला, इंजिनाच्या वर, चार नळ्या एका बिंदूत मिळत होत्या. संगणकावर तो बिंदू फार सुरेख दिसायचा. भार सरळ एका रेषेत उतरतो म्हणून परीक्षकांनीही वाखाणला होता. चाचाने नळ्या जागेवर धरून बघितल्या, मान वाकडी करून आत डोकावला आणि विचारलं, “नक्शा तो अच्छा है साहब, टॉर्च किधर से डालूं?”

उत्तर नव्हतं. चौथी नळी टाक्याने पकडली की आतल्या कोनात वेल्डिंगच्या टॉर्चचं तोंड शिरतच नव्हतं, आणि शिरलं असतं तरी सळई धरायला दुसरा हात नव्हता. पिंजरा आखणारा मुलगा हुशार होता, आणि त्याचा पहिला प्रयत्न वाद घालण्याचा होता. छोटी टॉर्च मिळेल, आरसा लावून बघता येईल. चाचा ऐकत राहिला. मग त्याने खडूने जमिनीवर दोन रेघा मारल्या: ही नळी एवढी मागे सरकव. सरकवली तर भाराची रेषा सुटते. किती सुटते? मुलाने लॅपटॉप उघडला. नळी थोडीशी मागे नेली तर ताण वाढत होता, पण मर्यादेच्या पुष्कळ आत. आणि तेवढ्याने टॉर्च शिरत होती. रात्री उशिरापर्यंत चाललेलं हे काम म्हणजे या संघाच्या वर्षभरातलं डिझाइनचं सगळ्यात खरं काम होतं, असं म्हणायला हरकत नाही. उन्हाळ्यात जे केलं ते चित्र होतं.

त्यानंतर मुलं रेखाटन गाळ्यात आणण्याआधी स्वतःच विचारू लागली: पाना कुठून बसणार, बोल्ट बाहेर कसा निघणार, साखळी तुटली तर ती बदलायला काय काय उघडावं लागेल. गाडीत बसवताना एक इंच कमी पडला म्हणून ब्रेकच्या सिलिंडरची जागा बदलली. नळ्यांची टोकं एकमेकींवर नीट बसावीत म्हणून त्यांना माशाच्या तोंडासारखी खाच द्यावी लागते. ती आधी ग्राइंडरने, अंदाजाने चालली होती. शेजारच्या लेथवाल्याला ते बघवेना म्हणून त्याने होल सॉ लावून एक फिक्श्चर करून दिलं. पैसे घेतले नाहीत, पण काम झाल्यावर ते फिक्श्चर त्याने स्वतःकडे ठेवून घेतलं.

प्रमुख मुलीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण अशा लेखांत ती राहून जाते. त्या वसाहतीत बाईमाणसासाठी स्वच्छतागृह नव्हतं. रात्री आठनंतरचं काम म्हणजे तिच्यासाठी मध्येच उठून घरी जाऊन येणं. संघातल्या बाकीच्या दोघी मुली याच कारणाने सादरीकरण आणि खर्चाच्या कामाकडे वळल्या, आणि कॉलेजात सगळ्यांनी समजूत करून घेतली की मुलींना वेल्डिंगची आवड नसते.

सत्राच्या परीक्षा, सबमिशन, डिफॉल्टर यादी, घरच्यांचा ‘या गाडीने नोकरी मिळणार का?’ हा प्रश्न, व्हॉट्सॲपच्या गटावर मध्यरात्री पेटलेली भांडणं. हे सगळं झालं आणि सगळ्याच संघांत होतं, त्यावर थांबायला नको. दोघांनी संघ सोडला. एक परत आला.

चाचणी कुठे घ्यायची हा मीरा-भाईंदरमधला अस्सल प्रश्न. शहरात मोकळी जमीन म्हणावी तर मिठागरं, तिथे जायची परवानगी नाही. उत्तनच्या बाजूला चढ आहेत, पण तो वाहता रस्ता. शेवटी घोडबंदरच्या दिशेला बांधकामाच्या एका बंदिस्त प्लॉटवर मालकाच्या ओळखीने रविवारची सकाळ मिळाली. राडारोड्याचे ढीग, अर्धवट भरलेली खड्डेदार जमीन, मध्ये साचलेलं पाणी. बाहासाठी याहून योग्य जागा पैसे देऊनही मिळाली नसती. गाडी पहिल्या सकाळी झकास चालली. दुसऱ्या खेपेला एका ढिगावरून उतरताना पुढचं डावं चाक आत दुमडलं. खालच्या भुजेचा रॉड एंड आट्यांच्या मुळाशी तुटला होता. जुलैत परीक्षकाने पेन ठेवलं होतं, तीच जागा.

आकडे खोटे नव्हते. त्यांनी जो भार धरला होता, तेवढ्याला तो जोड पुरेसा होता. पण एका चाकावर गाडी तिरकी आदळते तेव्हाचा भार त्यांनी धरलाच नव्हता. आता आटे काढून टाकले. भुजेच्या टोकाला लेथवर कातलेली वाटी वेल्ड केली आणि तिच्यात गोल बेअरिंग दाबून बसवलं. वजन थोडं वाढलं. चाकाचा कोन बदलण्याची सोय गेली. संघाने दोन्ही मान्य केलं.

गाडी टेम्पोत चढली ती काशिमिऱ्याहून घोडबंदर रोडने ठाण्याला, तिथून कसारा, नाशिक, धुळे, शिरपूर आणि सेंधव्याचा घाट चढून खलघाटला नर्मदा ओलांडून पिथमपूरला. सगळा मुंबई-आग्रा रस्ता. तिथे नॅट्रॅक्सचं मैदान आहे. वाहनांच्या चाचणीसाठी केंद्र सरकारने उभारलेलं, ज्याच्या ११.३ किलोमीटरच्या अतिवेगवान ट्रॅकचं उद्‌घाटन जून २०२१ मध्ये प्रकाश जावडेकरांनी केलं. बाहाच्या गाड्या त्या गुळगुळीत ट्रॅकवर जात नाहीत. त्यांच्यासाठी शेजारची माती असते.

तांत्रिक तपासणीच्या रांगेत स्पर्धेचा खरा रंग दिसतो. देशभरच्या बोली, उघडी पडलेली अवजारं, कुणाचा पट्टा एक इंच सैल, कुणाच्या आसनामागची भिंत गळकी. ज्यांची गाडी नापास झाली त्यांना शेजारचा संघ ड्रिल देतो, रिव्हेट देतो, कधी माणूसही देतो. हे सौजन्य नियमावलीत लिहिलेलं नाही. या संघाचे पाइपाचे दोन तुकडे तपासनीसाने हातात घेतले, उजेडात धरले, आणि ठेवून दिले. काही बोलला नाही. भाईंदरला फोन गेला तेव्हा चाचाने विचारलं, बस्, एवढंच? त्याला वाटलं होतं काहीतरी लिहून देतील.

ब्रेकच्या चाचणीत चारही चाकं एकदम अडकावी लागतात. पहिल्यांदा मागचं उजवं फिरत राहिलं. ब्रेकच्या नळ्यांतली हवा निघाली नव्हती. पाच सेकंदांत बाहेर पडण्याची कसरत चालकाने कॉलेजच्या जिन्याखाली इतक्यांदा केली होती, की तिथे त्याला हसू आलं.

डिझाइनच्या फेरीत नव्या भुजेचा विषय निघाला. मुलांनी तुटलेला रॉड एंड बरोबर नेला होता. तो टेबलावर ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. परीक्षकांचे पुढचे सगळे प्रश्न त्या तुटलेल्या तुकड्याभोवती फिरले. रंगीत चित्रं कुणी मागितली नाहीत. गुण त्या फेरीत त्यांच्या अपेक्षेपेक्षा चांगले मिळाले. इतर संघांना हा मुद्दाम सांगण्याजोगा भाग आहे. तुटलेली वस्तू लपवू नये, बरोबर न्यावी.

चार तासांच्या शर्यतीत सुरुवातीला शंभरेक गाड्यांची धूळ एवढी उडते की पुढची गाडी दिसत नाही. तिसऱ्या तासात सीव्हीटीचा पट्टा जळाला. आवरण उघडायला लागणाऱ्या बोल्टची जागा गाळ्यातच हाताच्या अंदाजाने ठरवलेली होती, त्यामुळे पट्टा मैदानाच्या कडेलाच बदलता आला. वेळ गेला तो गेलाच. झेंडा पडला तेव्हा गाडी चालत होती. क्रमांक मधल्या घोळक्यातला आला. कॉलेजच्या फलकावर तो लागला नाही. फलक पहिल्या दहासाठी होता.

आता यात खरा प्रश्न पुढच्या वर्षाचा आहे. संघातली निम्मी मुलं पदवी घेऊन जातात आणि जे शिकलं ते त्यांच्याबरोबर जातं. पुण्याच्या सीओईपीचा ‘स्वयम्’ हा छोटा उपग्रह जून २०१६ मध्ये आणि आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अवकाशात गेला. ज्या मुलांनी या कामांना हात घातला ती तोवर केव्हाच कॉलेजबाहेर पडली होती. काम पिढ्यांपिढ्यांतून पुढे गेलं, कारण नोंदी होत्या. बाहाच्या संघांत नोंदींच्या जागी बहुतेकदा सिनियरचा फोन नंबर असतो. या संघाने एक साधी वही केली: काय तुटलं, कधी, कशाने, काय बदललं. नळी मागे का सरकवली, तेही त्यात खडूच्या रेघांच्या फोटोसकट आहे. हे न करता जे संघ जुनी गाडी नवा रंग देऊन उतरवतात, ते गाडी चालवायला जातात. त्याला अभियांत्रिकीची स्पर्धा म्हणणं कठीण आहे.

कॉलेजांकडे मागणं एवढंच, की या वर्षभराच्या कामाला हजेरीतून सूट देण्याचा उपकार करण्याऐवजी अभ्यासक्रमाचे श्रेयांक द्यावेत आणि मुलींना रात्रीही काम करता येईल अशी वर्कशॉप आपल्या आवारात उघडी ठेवावीत. आणि डिझाइनच्या व्हायवाला बाहेरचा परीक्षक बोलवायचाच असतो, तर त्या खुर्चीवर एकदा भाईंदर पूर्वेचा एखादा वेल्डर किंवा लेथवाला बसवून बघावा. त्याचा दिवस बुडेल, तेव्हा प्राध्यापकाला देतात तेवढंच मानधन त्यालाही द्यावं.